परक्या कातडीची खबर : उंदराच्या शरीरात कलम कसे ओळखले जाते

काळ्या उंदराच्या पाठीवर पांढऱ्या उंदराच्या कातडीचा नखाएवढा तुकडा बसवलेला आहे. वर पट्टी. साताठ दिवसांनी ती पट्टी अलगद कापून काढली की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, जमले! तुकडा गुलाबी आहे, मऊ आहे, कडेने नीट सांधला गेला आहे. हलकेच दाबले तर फिका पडतो आणि बोट उचलताच पुन्हा रंग भरतो. खालच्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या गेल्या आहेत, रक्त खेळते आहे.

मग दोन-तीन दिवसांत चित्र पालटते. तुकडा किंचित सुजतो, कडांना जांभळट झाक येते. मऊपणा जातो. तो कोरडा पडतो, काळवंडतो, आक्रसतो आणि बाराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास टणक खपलीसारखा सुटून येतो. त्याच उंदराच्या पाठीवर, शेजारीच, त्याच्या स्वतःच्या कातडीचा तेवढाच तुकडा काढून पुन्हा बसवलेला असेल, तर तो मात्र जिवंत राहतो आणि पुढे त्यावर काळे केसही येतात.

हात तेच, हत्यारे तीच, पट्टी तीच. फरक एवढाच की एक कातडी आपली आणि एक परकी.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे तो मधला आठवडा. परके कातडे दारातूनच परत पाठवले जात नाही. आधी ते रुजते, त्याला रक्त मिळते, आणि मग ते जाते. 'शरीर परक्या ऊतीवर हल्ला करते' हे वाक्य आपण सगळीकडे वाचतो. ते खोटे नाही, पण त्यात हा आठवडा गायब आहे. त्या दिवसांत शरीराला खबर लागत असते. खबर कोण नेतो, कुठे नेतो, ती ऐकून कोण उठतो, हे कळले की कलम नाकारले जाणे आणि टिकणे या दोन्हींचा उलगडा होतो.

दुसऱ्या खेपेला लवकर

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या जखमींची संख्या प्रचंड वाढली. मोठ्या भागावरची कातडी जळालेल्या माणसाला स्वतःची कातडी पुरत नाही, आणि दुसऱ्याची लावली तर काही आठवड्यांत विरघळल्यासारखी नाहीशी होते. असे का, हे शोधण्याचे काम ब्रिटनमध्ये पीटर मेडावार या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. ग्लासगोतले शल्यविशारद थॉमस गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी 1943 मध्ये एका भाजलेल्या तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या जखमेवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले होते. ते गेले. त्याच भावाच्या कातडीची दुसरी खेप लावली, तेव्हा ती पहिलीपेक्षा स्पष्टपणे लवकर गेली.

या एका निरीक्षणात सगळे दडलेले होते. दोघांच्या ऊती मुळातच एकमेकींना पोषक नाहीत, एवढेच कारण असते तर दोन्ही खेपांना सारखाच वेळ लागायला हवा होता. दुसरी खेप लवकर गेली, कारण मधल्या काळात शरीर काहीतरी शिकले होते. मेडावार यांनी मग सशांवर हेच प्रयोग शिस्तीने केले आणि 1944-45 मध्ये मांडणी पक्की केली : पहिले कलम सावकाश जाते, त्याच दात्याचे दुसरे झपाट्याने जाते, पण तिसऱ्याच, पूर्वी न भेटलेल्या सशाचे कलम लावले तर घड्याळ जवळपास नव्याने सुरू होते. आठवण आहे, आणि ती नेमक्या दात्याची आहे. गोवराची आठवण कांजिण्यांच्या कामी येत नाही, तसेच.

एकसारखे उंदीर

सशांमध्ये एक अडचण होती. प्रत्येक ससा वेगळा. कोणाची ऊती कोणाला किती परकी, याचे माप नाही. ते माप उंदरांनी दिले.

भाऊ-बहिणींचाच संकर सलग 20 पिढ्या केला की त्या वंशातले उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. अशा वंशांना रुक्ष नावे आहेत, जसे काळा सी-57-ब्लॅक-6 किंवा पांढरा बॅल्ब-सी. पण त्यांचे महत्त्व मोठे. एकाच वंशातल्या दोन उंदरांनी कातडी अदलाबदल केली तर ती कायम टिकते. दोन वंशांत केली तर जाते. दोन वंशांचा संकर करून झालेले पिल्लू आई आणि बाप दोघांचीही कातडी स्वीकारते, पण त्या पिल्लाची कातडी आईही ठेवत नाही आणि बापही. विचार केला तर हे सरळ आहे : पिल्लाच्या अंगात दोघांच्याही खुणा आहेत, म्हणून दोघेही त्याला ओळखीचे. आईच्या दृष्टीने मात्र पिल्लात बापाच्या खुणा आहेत, आणि त्या तिला परक्या.

या नियमाला एक सुंदर अपवाद निघाला. 1955 मध्ये आइकवाल्ड आणि सिल्मसर यांना दिसले की एकाच वंशातली मादी त्याच वंशातल्या नराची कातडी काही आठवड्यांत टाकून देते, उलट दिशेने मात्र सगळे ठीक चालते. सगळी जनुके सारखी असूनही नराकडे एक वाय गुणसूत्र जास्त आहे, आणि त्यावरून बनणारी प्रथिने मादीच्या शरीराने कधी पाहिलेली नाहीत. एवढासा फरकही पुरतो.

पण सगळे फरक सारख्या वजनाचे नसतात. लंडनमध्ये पीटर गोरर यांनी 1930 च्या दशकात उंदरांच्या रक्तपेशींवर अशी एक खूण शोधली की जिच्यावरून दुसऱ्या उंदरातून आणलेली कर्करोगाची गाठ रुजेल की नाही हे ठरत होते. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल यांनी पुढे वर्षानुवर्षे संकर करून असे उंदीर तयार केले की जे बाकी सगळे सारखे, फक्त गुणसूत्रावरच्या एका छोट्या पट्ट्यात वेगळे. तेवढा पट्टा वेगळा असला तरी कलम झपाट्याने जायचे. या पट्ट्यातल्या जनुकसमूहाला आज आपण एमएचसी म्हणतो. माणसात त्याचेच नाव एचएलए. मूत्रपिंड बसवण्याआधी दाता आणि रुग्ण यांची जी 'जुळणी' पाहतात ती मुख्यतः याची. स्नेल यांना 1980 चे नोबेल मिळाले, बारूज बेनासेराफ आणि जाँ दोसे यांच्यासोबत. गोरर तोवर हयात नव्हते.

तबक आणि त्यावरचा ऐवज

आता मोठा प्रश्न. निसर्गात कोणी कोणाला कातडी लावत नाही. मग परक्या कातडीला इतक्या जोमाने विरोध करणारी यंत्रणा घडली कशासाठी?

ती कलमासाठी घडलेलीच नाही. एमएचसीचे रेणू ही पेशीच्या पृष्ठभागावरची तबके आहेत असे समजा. पेशीच्या आत जी प्रथिने बनतात त्यांचे बारीक तुकडे या तबकांत ठेवून पेशी ते सतत बाहेर दाखवत असते. पेशी निरोगी असेल तर तबकात घरचाच ऐवज. आत विषाणू शिरला असेल तर त्याचे तुकडेही तबकात येतात. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरत ही तबके तपासतात. 1974 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवून दिले की टी पेशी फक्त विषाणूचा तुकडा ओळखत नाही, ती तबक आणि ऐवज दोन्ही एकत्र पाहते. विषाणू तोच, पण तबक वेगळ्या वंशाचे असेल तर ती त्या पेशीला मारत नाही.

टी पेशींची ही नजर घडते छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत. तिथे स्वतःच्या तबकांवर त्यांची पारख होते. ज्यांना घरची तबके वाचताच येत नाहीत त्या गळतात. ज्या घरच्या ऐवजावरच चवताळून उठतात त्याही गळतात. उरतात त्या, ज्या घरच्या तबकावरचा अनोळखी ऐवज टिपतात.

पण परक्या वंशाची तबके त्या ग्रंथीत कधी आलेलीच नसतात, त्यामुळे त्यांच्यावर चवताळणाऱ्या पेशी गाळल्या गेलेल्या नसतात. परक्या उंदराची पेशी समोर आली की तबकही वेगळे आणि त्यावरचे हजारो तुकडेही वेगळे दिसतात, आणि कित्येक टी पेशींना ते 'आपल्याच तबकात काहीतरी भलते आहे' असे भासते. एखाद्या विषाणूचा एक विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी लाखात एखादी किंवा त्याहूनही कमी असतात. परक्या एमएचसीला प्रतिसाद देणाऱ्या मात्र शंभरात एक ते दहा. आकड्यांतला हा फरक कलमाच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी आहे. शरीर कलमाचा द्वेष करत नाही. कलम त्याला एकाच वेळी हजारो आजारांसारखे दिसते.

खबर निघते

आता पुन्हा त्या उंदराच्या पाठीकडे येऊ.

पहिल्या काही तासांत जे घडते ते स्वतःच्या आणि परक्या अशा दोन्ही तुकड्यांत जवळपास सारखेच असते. कातडी कापली गेली आहे, काही काळ तिला रक्त नव्हते, पेशी गुदमरल्या आहेत, काही फुटल्या आहेत. फुटलेल्या पेशींतून सांडलेला माल हाच धोक्याचा इशारा. सर्वांत आधी न्यूट्रोफिल येतात, मागोमाग मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. त्यांचे काम साफसफाईचे. 'आपले की परके' हा भेद फक्त टी पेशींनाच कळतो अशी समजूत बराच काळ होती. अलीकडे उंदरांत दिसले आहे की टी पेशी आणि प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी प्रथिने) बनवणाऱ्या बी पेशी अजिबात नसल्या तरी मोनोसाइट परक्या कलमात अधिक सक्रिय होतात. मात्र त्यांच्या एकट्याच्या बळावर कातडी गळून पडत नाही.

या गडबडीत कलमातल्याच काही पेशी जाग्या होतात. त्या डेंड्रिटिक पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेल्या या पेशी राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी 1973 मध्ये उंदराच्या प्लीहेत ओळखल्या. धोक्याचा इशारा मिळाला की त्या जागा सोडतात, लसिकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतला पाझर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, शिरतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीकडे, जिथे टी पेशी जमतात तिकडे, निघतात. पाठीवरच्या कलमातून निघालेल्या पेशी बगलेतल्या ग्रंथींत पोचतात. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या पेशी दात्याच्या आहेत. दात्याची तबके अंगावर मिरवत त्या यजमान उंदराच्या ग्रंथीत जाऊन उभ्या राहतात. कलमाची खबर आधी कलमच पोचवते.

हे नुसते म्हणणे नाही, त्याचे नेटके पुरावे आहेत. 1968 मध्ये क्लाइड बार्कर आणि रूपर्ट बिलिंगहॅम यांनी गिनीपिगच्या अंगावर कातडीची अशी एक चकती तयार केली की जिला रक्तपुरवठा चालू होता, पण जिच्या लसिकावाहिन्या तोडलेल्या होत्या. त्या चकतीवर परके कलम लावले. ते टिकून राहिले, नेहमीच्या मुदतीच्या कितीतरी पुढे. रक्त येत-जात होते, टी पेशी त्या रक्तातून फिरत होत्या, कलम उघड्यावर होते, आणि तरी कोणी उठले नाही. वाट बंद होती, खबर निघालीच नाही. 2000 साली फादी लक्किस यांच्या गटाने यापुढचे टोक गाठले : ज्या उंदरांना जन्मतःच लसिका ग्रंथी नाहीत आणि ज्यांची प्लीहाही काढली आहे, त्यांच्यात परके हृदय बसवले तर ते नाकारले जात नाही.

दुसरा पुरावा 1982 चा. रॉबर्ट लेक्लर आणि रिचर्ड बॅचलर यांनी लहान उंदराऐवजी घुशीसारखा मोठा उंदीर, म्हणजे रॅट, वापरला. मूत्रपिंड आधी एका मधल्या रॅटमध्ये काही काळ ठेवले. तेवढ्यात त्यातल्या मूळ दात्याच्या फिरत्या पांढऱ्या पेशी निघून गेल्या. मग ते मूत्रपिंड त्यांनी तिसऱ्या रॅटमध्ये बसवले, तेव्हा ते टिकले. त्यासोबत मूळ दात्याच्या थोड्या डेंड्रिटिक पेशी टोचल्या, तर ते गेले. मूत्रपिंड तेच, परकेपण तेच. फक्त निरोप्या परत आणला.

ग्रंथीच्या आत

लसिका ग्रंथीत टी पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. जिवंत ग्रंथीत खोलवर पाहता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या सतत सरकताना दिसतात, या फांदीला घासून त्या फांदीकडे. एखादीला तबक जुळले की ती थांबते. चिकटून राहते, तासन् तास.

पण नुसते जुळून भागत नाही. दुसरी खूणही लागते : डेंड्रिटिक पेशी 'धोका खरा आहे' असे सांगणारे रेणू अंगावर काढते, आणि टी पेशीवरच्या सीडी-28 या रेणूला ते लागतात. पहिली खूण आहे आणि दुसरी नाही, असे झाले तर टी पेशी उठत नाही, उलट मंदावते. सगळे औषधशास्त्र या दुसऱ्या खुणेभोवती का घोटाळते ते इथे कळते. पहिली खूण प्रत्येक दात्यासाठी वेगळी. दुसरी सगळ्यांना सामाईक.

दोन्ही खुणा मिळाल्या की टी पेशी फुगते आणि दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. संशोधक हे मोजतात एका साध्या युक्तीने. टी पेशींना चमकणारा रंग भरून उंदराला टोचायचे. दर विभाजनाला रंग अर्धा-अर्धा वाटला जातो. चार दिवसांनी ग्रंथी काढून प्रत्येक पेशीची चमक मोजली की कोण किती वेळा दुभंगले याचा हिशेब पायऱ्या-पायऱ्यांनी समोर येतो. मला ही युक्ती फार आवडते. पेशीच्या अंगावरच तिची वंशावळ लिहिलेली असते.

चौथ्या-पाचव्या दिवशी या पेशी ग्रंथीबाहेर पडतात. आता त्या रक्तातून कलमाकडे येतात. तिथली रक्तवाहिन्यांची अस्तरे सुजलेली, चिकट झालेली असतात. तिथेच त्या अडकतात आणि आत उतरतात. सीडी-8 प्रकारच्या टी पेशी कलमाच्या पेशीला बिलगून परफोरिन सोडतात, ज्याने तिच्या आवरणाला भोके पडतात, आणि त्यातून ग्रँझाइम आत सोडतात. पेशी आतून मोडते. सीडी-4 प्रकारच्या पेशी मुख्यतः इतरांना चेतवतात : सीडी-8 ना बळ देतात, भक्षकांना भडकवतात, बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला लावतात. कलमाचा शेवट बहुधा रक्तवाहिन्यांपासून होतो. अस्तर खराब झाले, गुठळी झाली, रक्त थांबले. आठव्या-दहाव्या दिवशी कडांना येणारी जांभळट झाक ती हीच.

खबरेची आणखी एक वाट आहे. दात्याच्या डेंड्रिटिक पेशी काही दिवसांत संपतात. पण यजमानाच्या स्वतःच्या डेंड्रिटिक पेशी कलमाचे पडलेले तुकडे गोळा करून आपल्याच तबकांत मांडतात. ही वाट मंद आहे पण कलम असेपर्यंत ती बंद होत नाही. वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जाणाऱ्या कलमांत हिचा हात मोठा मानला जातो.

हे काम पेशींचेच, कशावरून?

1950 च्या सुमारास बहुतेकांचा भरवसा प्रतिपिंडांवर होता. अॅव्हरियन मिचिसन यांनी 1954 मध्ये परकी गाठ नाकारलेल्या उंदराचा रक्तद्रव नव्या उंदराला दिला, तेव्हा त्याची ती ताकद नव्या उंदरात आली नाही. लसिका ग्रंथीतल्या पेशी दिल्या, तर आली. मग 1961 मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर रक्ताच्या कर्करोगावर काम करत असताना नवजात पिल्लांची थायमस काढत होते. तोवर ही ग्रंथी निरुपयोगी, मेलेल्या पेशींचे स्मशान मानली जायची. त्यांच्या उंदरांत लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी, फारच कमी राहिले, आणि त्या उंदरांनी दुसऱ्या वंशांची कातडी ठेवून घेतली.

निसर्गानेही हाच प्रयोग करून ठेवला होता. 'न्यूड' नावाचा बिनकेसांचा उंदीर एका जनुकातल्या बिघाडामुळे थायमसविना जन्मतो. 1973 मध्ये अशा उंदरांवर अगदी दूरच्या प्राण्यांची कातडी लावून पाहिली गेली. कोंबडीची कातडी रुजली. नुसती रुजली नाही, तिच्यातून पिसे आली. उंदराच्या अंगावर पिसे! कलम नाकारण्याची ताकद कातडीत नाही आणि रक्तद्रवातही नाही, ती टी पेशींत आहे, हे याहून स्पष्ट कसे दाखवणार?

कातडीखेरीज हृदयावरही हे अभ्यासतात. 1973 मध्येच उंदराच्या पोटात दुसरे हृदय जोडण्याचे तंत्र आले. वाहिन्या मिलिमीटरभरही जाड नसतात, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालावे लागतात. उंदराचे स्वतःचे हृदय छातीत चालूच असते, म्हणून कलम गेले तरी उंदीर जगतो. संशोधक रोज त्याला हातात घेऊन पोटावर बोट ठेवतो. धडधड लागते. पहिल्या दिवशी ठसठशीत, सहाव्या दिवशी मंद, आणि पूर्ण परक्या वंशात आठवड्याभराच्या आसपास एके सकाळी बोटाला काहीच लागत नाही. यकृत मात्र वेगळेच वागते : अनेक वंशांत परके यकृत उंदीर कोणत्याही औषधाविना ठेवून घेतात. कातडी सर्वांत अवघड, यकृत सर्वांत सोपे.

न उठण्याचे शिक्षण

शरीर नाकारायला शिकते, तर मग न नाकारायलाही शिकेल का? याचे उत्तर गोठ्यातून आले.

अमेरिकेत रे ओवेन यांनी 1945 मध्ये लिहिले की जुळ्या वासरांत, ती सारखी नसली तरी, दोघांच्याही रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही सापडतात. गर्भात त्यांच्या वारेतल्या वाहिन्या जुळलेल्या असतात. मेडावार आणि बिलिंगहॅम यांनी पुढे वासरांत कातडी बदलून पाहिली. हेतू साधा होता : सारखी जुळी कोणती आणि वेगळी कोणती, हे कातडीवरून ओळखावे. वेगळी जुळी एकमेकांची कातडी टाकून देतील अशी खात्री होती. जवळजवळ सगळ्यांनी ती ठेवून घेतली!

1953 मध्ये बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट आणि मेडावार यांनी हेच उंदरांत घडवून आणले. सीबीए वंशाच्या मादीच्या पोटातल्या गर्भांना ए वंशाच्या उंदराच्या जिवंत पेशी टोचल्या. पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना ए वंशाची कातडी लावली. काही पिल्लांनी ती आपलीच असल्यासारखी वागवली. त्यांनी आणखी एक पाऊल टाकले : ज्या सीबीए उंदरांनी ए वंशाची कातडी आधी नाकारली होती त्यांच्या लसिका ग्रंथी या सहनशील उंदरांना दिल्या. तेव्हा इतके दिवस नांदलेली ती कातडी गेली. कातडीत काही बदललेले नव्हते, ती पूर्वीइतकीच परकी होती. बदललेली होती यजमानाची जाण. या कामासाठी मेडावार यांना 1960 चे नोबेल फ्रँक बर्नेट यांच्यासोबत मिळाले, आणि त्यांनी आपल्या वाट्याच्या पैशातून बिलिंगहॅम व ब्रेंट यांना हिस्सा दिला.

मोठ्या, जन्मलेल्या प्राण्यात हे शिक्षण अवघड असते, कारण टी पेशी तयार होऊन बसलेल्या असतात. तरी एक वाट आहे. टी पेशींतच एक गट इतरांना आवरणाऱ्यांचा आहे. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये उंदरांत त्यांची खूण पटवली. या नियामक टी पेशींवरच्या कामासाठी त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह 2025 चे नोबेल मिळाले. हर्मन वाल्डमन यांच्या गटाने 1993 मध्ये दाखवले होते की सहनशील बनवलेल्या उंदरात नव्या, न शिकलेल्या टी पेशी सोडल्या तरी त्या कलम मोडत नाहीत, उलट जुन्यांच्या सहवासात त्याही तशाच होतात. चांगला गुण लागावा तसा.

उंदीर आणि माणूस

इथे मला वाचकाला सावध करायचे आहे. उंदरांत कलम टिकवण्याच्या कितीतरी युक्त्या सफल झाल्या आणि माणसात अडखळल्या. कारणे ठोस आहेत.

सीडी-40 लायगँड या टी पेशींवरच्या रेणूला अडवणारे प्रतिपिंड उंदरांत आणि माकडांत विलक्षण गुणकारी ठरले. माणसांत चाचण्या सुरू झाल्या आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या. माणसाच्या रक्तबिंबिकांवर (प्लेटलेटवर) अशा प्रतिपिंडांची शेपटी धरणारा एक रेणू असतो, उंदराच्या रक्तबिंबिकांवर तो नसतोच. त्यामुळे उंदरांत हा धोका दिसणे शक्यच नव्हते.

दुसरे कारण आठवणीचे. प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात वाढतो, त्याच्या टी पेशी कोऱ्या असतात. माणसाने आयुष्यभरात असंख्य जंतू पाहिलेले असतात, आणि एखाद्या विषाणूसाठी घडलेली आठवणीची टी पेशी योगायोगाने परक्या तबकालाही जुळू शकते. अशा पेशींना दुसऱ्या खुणेची गरज कमी, ग्रंथीत जाण्याचीही गरज कमी. ज्या उंदरांना आधी विषाणूंचा संसर्ग होऊ दिला, त्यांच्यात एरवी हमखास चालणारी युक्तीही फसली. 2016 मध्ये असेही दिसले की स्वच्छ उंदरांसोबत बाहेरचे, जंतू अंगावर असलेले उंदीर ठेवले तर त्यांची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसाच्या यंत्रणेसारखी दिसू लागते. हे प्राणी वापरायचेच असतील तर त्यांच्याकडून खरे उत्तर मिळेल अशा रीतीने वापरले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

काही गोष्टी मात्र थेट पोचल्या. सीडी-28 ची दुसरी खूण अडवणारा रेणू उंदरांत तपासला गेला, सुधारला गेला, आणि बेलाटासेप्ट नावाने 2011 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी मान्य झाला.

आणि वासरांची ती जुनी गोष्टही. दात्याची अस्थिमज्जा मोठ्या उंदराला देऊन दोघांचे मिश्र रक्त तयार केले की तो उंदीर त्या दात्याची कातडीही ठेवतो. मिश्र रक्त संपले की बहुधा सहनशीलताही संपते. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये अशाच पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांना न जुळणाऱ्या दात्याचे मूत्रपिंड आणि त्याचीच अस्थिमज्जा दिली होती. एकाचे मूत्रपिंड गेले. चौघांची प्रतिकार दाबणारी औषधे बंद करता आली. त्यांच्या रक्तातल्या दात्याच्या पेशी काही आठवड्यांतच नाहीशा झाल्या होत्या, तरी मूत्रपिंडे चालत राहिली. उंदरांवरून कोणी हे आधी सांगितले नसते.